इतर हक्काच्या रकान्यातली माणसं

दिवस पहिला, शुक्रवार : फ्रीमाँट, बर्कली

मुलगी कॅलिफोर्नियातल्या तिच्या घरी ओट्यावर लॅपटॉप ठेवून नातीचा किंडरगार्टनचा फॉर्म भरत होती. मी आधी तलाठी आणि मग मंडल अधिकारी म्हणून नोकरी केली, त्यामुळे कुठेही रकाने दिसले की मान आपोआप तिकडे वळते. पहिला प्रश्न : मूल हिस्पॅनिक आहे का? नाही. दुसरा : वंश कोणता? खाली ही लांबलचक यादी. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो, सामोअन, आणि मध्येच कुठेतरी ‘एशियन इंडियन’. मुलीने टिक केली आणि पुढे निघाली.

“थांब, मागे जा जरा. यादी वाचू दे.”

“बाबा, हा जातीचा दाखला नाहीये.”

नाही कसा? १९२०, १९३० आणि १९४० च्या इथल्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असा शब्द होता. मग तो शीख असो, मुसलमान असो, नाहीतर खरोखरीचा हिंदू. १९७० साली आपल्या लोकांची गणती चक्क गोऱ्यांत झाली. १९८० पासून ‘एशियन इंडियन’. शेत तेच, शेतकरी तोच, आणि पीकपाहणीला आलेला प्रत्येक तलाठी वेगळंच पीक लिहून जातो, तसला प्रकार.

पुढचा रकाना भाषेचा होता. मूल बोलायला लागलं तेव्हा प्रथम कोणती भाषा शिकलं? घरातली मोठी माणसं आपसात कोणत्या भाषेत बोलतात? इथे मुलीचं बोट थांबलं. इंग्रजी सोडून दुसरं काही लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात, म्हणून मैत्रिणींनी तिला सांगितलं होतं, सरळ इंग्रजी टाक आणि मोकळी हो. नात शेजारी बसून “आजी, मला अजून शिरा” म्हणत होती. मुलीने लॅपटॉप मिटला. “नंतर बघू.”

दुपारी बार्टने, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेने, बर्कलीला गेलो. विद्यापीठाच्या गावात शॅटक अव्हेन्यूचा जेमतेम दोन चौकांएवढा एक तुकडा आहे, त्याला आता ‘कला बगाई वे’ म्हणतात. पाटी साधी हिरवी. खाली माणसं कॉफी पीत बसलेली. आमच्या हिने पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि मग विचारलं, “ही कोण?”

पेशावरहून १९१५ साली नवरा आणि तीन मुलगे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरलेली बाई. तिच्या नाकातला हिरा बघून तिथल्या वर्तमानपत्राने नवी फॅशन आली म्हणून बातमी छापली. पुढे यांनी बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन आले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. आत जाऊच दिलं नाही. ज्या गावाने कुलूप घातलं त्याच गावाने शंभर वर्षांनी रस्त्याला नाव दिलं. हिने पुन्हा एकदा पाटीकडे बघितलं. “नथ होती का चमकी?” एवढंच म्हणाली.

दिवस दुसरा, शनिवार : एंजल आयलंड

ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्वेटर लागतो, हे मुलीने सांगूनही मी ऐकलं नव्हतं. फेरी बिल्डिंगच्या धक्क्यावरून बोट निघाली तेव्हा धुकं इतकं की पूल अर्धाच दिसत होता. बेटावर उतरल्यावर चढ चढून पलीकडच्या बाजूला जावं लागतं. हिचे गुडघे बोलायला लागले, पण ती थांबली नाही.

१९१० ते १९४० या तीस वर्षांत पॅसिफिकवरून येणाऱ्यांची तपासणी या बेटावर व्हायची. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर बहुतेक जण काही तासांत सुटत. इथे दिवस, आठवडे, महिने लागत. कारण १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी होती आणि १९४३ पर्यंत ती उठली नाही. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकन नागरिकाची मुलं तेवढी आत येऊ शकत. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंद दप्तरं जळून गेली. मग काय, पुष्कळ चिन्यांनी सांगितलं, आम्ही इथेच जन्मलो, दप्तर जळालं त्याला आम्ही काय करणार? आणि गावाकडे आम्हाला इतके इतके मुलगे आहेत. त्या कागदावरच्या मुलांच्या जागा विकल्या गेल्या. ‘पेपर सन’, कागदी पोरगे.

दप्तर जळालं की वारसनोंदींचा पूर येतो, हे कुठल्याही तलाठ्याला सांगायला नको.

आता खरा मुलगा कोण आणि कागदी कोण हे साहेबाने ठरवायचं कसं? पंचनाम्याने. तुझ्या घराला पायऱ्या किती? विहीर घरापासून कुठल्या बाजूला? तिसऱ्या घरात कोण राहतं? तांदळाची कणगी कुठे असते? तेच प्रश्न बापाला वेगळं बसवून. उत्तरं जुळली नाहीत तर परत बोटीवर. म्हणून माणसं उत्तरांच्या वह्या पाठ करत येत आणि बंदर दिसायच्या आत त्या समुद्रात टाकून देत. मी बाकावर बसून आठवून बघितलं. माझ्या गावच्या घराला पायऱ्या किती? हिने सांगितलं पाच, मी म्हटलं सहा. आमच्यापैकी एकाला तरी परत पाठवलं असतं.

पुरुषांच्या बराकीत आत गेलो. तीन मजली लोखंडी बाजा, दाटीवाटीने. भिंतींवर लाकडात कोरलेल्या चिनी कविता. इमिग्रेशन खात्याने त्यावर पुटीन भरलं, रंगाचे हात दिले, तरी अक्षरं उमटून दिसतात. १९७० मध्ये इमारत पाडायची ठरली होती, तेव्हा एका पार्क रेंजरचं या अक्षरांकडे लक्ष गेलं, म्हणून ती वाचली. दोनशेवर कविता नोंदल्या गेल्या आहेत. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण डोळे सरावल्यावर दिसलं की एकाचा हात पक्का होता, ओळ सरळ, प्रत्येक फटकारा खोल. त्याच्या खालच्याचं कोरणं उथळ, घाईचं, शेवटची दोन अक्षरं तिरकी. कुणीतरी येत असावं. खिडकीतून समुद्र दिसतो आणि पलीकडचा काठ. फार लांब नाही तो.

इथे सगळ्यात जास्त प्रमाणात परत पाठवले गेले ते चिनी नव्हेत, आपले लोक. पोटात हूकवर्म नावाचा जंत निघाला की परत. ‘सरकारवर बोजा पडेल’ असा शेरा मारला की परत. १९१७ मध्ये तर कायद्यानेच आशियाचा मोठा पट्टा वर्ज्य ठरवला, त्यात आपण. कला बगाई याच बेटावरून पार झाली, कारण तिच्या नवऱ्याकडे पंचवीस हजार डॉलर होते.

त्या नवऱ्याचं पुढे काय झालं हे परतीच्या बोटीत हिला सांगावं लागलं. वैष्णोदास बगाई १९२१ साली अमेरिकन नागरिक झाला. फिलमोर स्ट्रीटवर त्याचं दुकान होतं. भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९२३ मध्ये आला आणि सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. भारतात जाऊन यायचं म्हणून पासपोर्ट मागितला, तर ब्रिटिश पासपोर्ट घे म्हणाले. ज्या राज्याखालून सुटायला तो आला होता त्याचाच. १९२८ मध्ये त्याने गॅस सोडून जीव दिला आणि वर्तमानपत्राला चिठ्ठी लिहून ठेवली. त्यात सोन्याच्या पिंजऱ्याचा उल्लेख आहे. कलाबाईंनी तिन्ही मुलांना कॉलेजात शिकवलं.

ही काही बोलली नाही. धुकं उठलं होतं.

दिवस तिसरा, रविवार : सॅन फ्रान्सिस्को, आणि रात्री पॉटलक

सकाळी वुड स्ट्रीटवर गेलो. क्रमांक ५, गदर मेमोरियल. गदर म्हणजे ब्रिटिश राज्य उलथवायला अमेरिकेतल्या भारतीयांनी उभारलेली चळवळ. रस्ता चढाचा, अरुंद, इमारत बाहेरूनच बघितली. गदर म्हटलं की पंजाब आठवतो आणि ते बरोबरच आहे. पण लाहोरच्या तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ ला कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर गेलेला विष्णू गणेश पिंगळे तळेगाव ढमढेऱ्याचा. या चळवळीच्या पहिल्या फळीतले पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे. ते पुढे मेक्सिकोत जाऊन शेतीशास्त्रज्ञ झाले. दोघंही शिकायला म्हणून अमेरिकेत आले होते. तळेगाव ढमढेऱ्यावरून मी किती वेळा गेलो असेन, कधी गाडी थांबवली नाही.

मग जपानटाउन. रामेन चांगलं होतं. बाकी दुकानंच दुकानं. पण एक तारीख डोक्यात बसली. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्षांनी एका हुकमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. आणि बगाईंचं घर बुडवणारा निकालही १९ फेब्रुवारीचाच, १९२३ चा. आपल्याला ती तारीख शिवजयंतीची म्हणून पाठ, त्यामुळे आता विसरणं नाही.

तो निकाल भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा. अमृतसर भागातला शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात पगडीनिशी होता. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या माणसाला’ मिळायचं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाची माणसं आली. आशियाई मधल्या मध्ये लोंबकळत. १९१० साली मुंबईच्या भिकाजी बलसारा या पारशाला कोर्टाने गोरा मानलं होतं. १९२२ मध्ये ओझावा नावाचा जपानी म्हणाला, माझी कातडी गोरी आहे बघा. न्यायमूर्ती सदरलँड म्हणाले, कातडीवर नाही, तू कॉकेशियन, म्हणजे शास्त्राने ठरवलेल्या गोऱ्या वंशातला, नाहीस. तीनच महिन्यांनी थिंड आले : मी उच्चवर्णीय हिंदू, आर्य, म्हणजे शास्त्राप्रमाणे कॉकेशियन. त्यावर तेच सदरलँड म्हणाले, शास्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, म्हणजे तेही बाहेरूनच आलेले.

मला यातली बोचणारी गोष्ट दुसरी आहे. थिंड यांच्या बाजूने कोर्टात सांगितलं गेलं की, लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे तसंच बघतो जसं अमेरिकन माणूस निग्रोकडे. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच, आम्हीही दूर ठेवतो. जातीचा दाखला जोडून गोरेपण मागितलं. मी नोकरीत शेकडो अर्जांवर चौकशी अहवाल लिहिले, गृहभेटी केल्या, पण असा अर्ज कधी हाती आला नाही.

रात्री मुलीच्या ओळखीच्यांकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मसालेभात, मटकीची उसळ, दुकानातून आणलेलं श्रीखंड. सगळी मनमोकळी माणसं. एक गृहस्थ शेजारी येऊन बसले.

“मूळचे कुठले आपण?”

“सातारा.”

“साताऱ्यात कुठे?”

“कोरेगाव तालुका.”

“आडनावावरून कळलं नाही हो...”

ते थांबले. मीही थांबलो. घराच्या पायऱ्या किती ते विचारायचं तेवढं बाकी होतं.

दहा मिनिटांनी गप्पा २०२३ च्या कायद्यावर आल्या. त्या वर्षी फेब्रुवारीत सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. अशा कायद्याने उगाच आपल्या लोकांवर शिक्का बसतो, असं काहींचं म्हणणं. एक तरुण मुलगी शांतपणे म्हणाली, ज्याला त्रास होत नाही त्याला शिक्का दिसतो, ज्याला होतो त्याला दार दिसतं. तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “इथे कोण जात पाळतं हो?”

आम्ही इथे मेरिटवर आलो, असंही कुणीतरी म्हणालं. आलात, खरंच आहे. पण १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त शंभर माणसं येऊ शकत होती. ते कुंपण १९६५ ला मोडलं, काळ्या लोकांनी नागरी हक्कांसाठी रस्त्यावर मार खाल्ला त्याच्या पाठोपाठ. हे मी तिथे बोललो नाही. पाहुणा होतो आणि श्रीखंड वाढणं चालू होतं.

दिवस चौथा, सोमवार : स्टॉकटन, लॉक

जावयांनी दोन दिवस रजा काढली. डोंगर ओलांडून खोऱ्यात उतरलो तसा स्वेटर काढला, मग गाडीचा एसी वाढवला. बाहेर चाळीस अंश.

स्टॉकटनचा गुरुद्वारा १९१२ चा, अमेरिकेतला पहिला. बांधणाऱ्यांत ज्वालासिंग, ज्यांना ‘बटाट्याचा राजा’ म्हणत. त्यांनी बर्कलीत शिकायला येणाऱ्या भारतीय मुलांसाठी पदरचे पैसे घालून शिष्यवृत्ती ठेवली. गदरच्या बैठका इथेच व्हायच्या. लंगरमध्ये डाळ-रोटी खाल्ली. वाढणाऱ्या आजोबांना मी मराठी म्हटल्यावर ते एकच शब्द बोलले, “नांदेड!” आणि पानात आणखी एक रोटी टाकली.

गावातला ‘लिटल मनिला’ शोधायला गेलो तर वरून हायवे. फिलिपाइन्सच्या बाहेरची फिलिपिनोंची सगळ्यात मोठी वस्ती एकेकाळी इथे होती. शतावरीच्या शेतात वाकून वाकून ज्यांच्या पाठी गेल्या ती माणसं. हॉटेलांच्या दारावर ‘फिलिपिनोंना सक्त मनाई’ अशी पाटी असे, तिचा फोटो उपलब्ध आहे. द्राक्षमळ्यातला १९६५ चा डेलानोचा संप सुरू केला तो फिलिपिनो मजुरांनी, स्टॉकटनच्या लॅरी इटलिआँगच्या पुढाकाराने. मजूर नेते सीझर चावेझ आणि त्यांचे मेक्सिकन मजूर आठवड्याभराने आले. नाव चावेझांचं राहिलं. वस्तीतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या इमारती उरल्यात, बाकी सगळी भूसंपादनात गेली.

तिथून उत्तरेला नदीच्या बांधावरून लॉक. हे गाव बघण्यासाठी मी हटून बसलो होतो. लाकडी दुमजली घरं, एकमेकांना खांदा लावून उभी, काही चक्क कललेली. सोमवार म्हणून सगळं बंद, रस्त्यावर एक मांजर. १९१५ साली शेजारच्या गावातला चिनी मोहल्ला जळाला, तेव्हा चिनी मंडळी जॉर्ज लॉक नावाच्या जमीनमालकाकडे गेली. तोंडी करार झाला. घरं आम्ही बांधू, जमीन तुमची. कारण जमीन विकत घेताच येत नव्हती. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात चिनी, जपानी, हिंदू असा शब्दच नाही. ‘ज्यांना नागरिक होता येत नाही असे परके’, एवढंच. म्हणजे नागरिकत्वाचा कायदा रंग बघून नाही म्हणणार आणि जमिनीचा कायदा फक्त नागरिकत्व बघणार. काय मसुदा आहे! मसुदा करणाऱ्याच्या हाताखाली मी नोकरी केली नाही, हे माझं नशीब.

आपल्याकडे कुळाचं नाव निदान इतर हक्काच्या रकान्यात तरी लागायचं, आणि पुढे कुळकायद्याने कित्येकांची नावं तिथून कब्जेदार सदरी गेली. या खोऱ्यातले बांध चिनी मजुरांनी घातले, पण लॉकमधल्या घरांखालची जमीन विकत मिळायला २००४ साल उजाडलं. तोवर गावात चिनी माणसं मूठभर उरली होती.

जपानी आणि पंजाबी शेतकऱ्यांनी दुसरी वाट काढली. इथे जन्मलेलं मूल नागरिक, मग जमीन त्याच्या नावावर. अज्ञान मूल, पालनकर्ता बाप. सातबाऱ्यावर आपण ‘अ.पा.क.’ लिहितो ना, तेच. १९२० मध्ये सरकारने असा बाप पालनकर्ता होऊ शकत नाही असं कलम घातलं, ते १९२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उडवलं. ज्यांना पोर नव्हतं त्यांनी ओळखीच्या गोऱ्या वकिलाच्या नावावर ठेवली. सातवर एकाचं नाव, बारावर दुसऱ्याचा घाम. जावई म्हणाले, “बाबा, तुम्ही सुट्टीवर आहात.”

दिवस पाचवा, मंगळवार : युबा सिटी

युबा सिटीभोवती पीच, अक्रोड आणि प्रूनच्या बागा, मैलोन् मैल. पीचचा तोडा चालू होता. बागेचा मालक पंजाबी, जावयांच्या सहकाऱ्याचे काका. शिडीवर चढलेले सगळे मेक्सिकन. गळ्यात अडकवलेली पिशवी भरली की खाली उतरायचं, पेटीत ओतायची, परत वर. मालक त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत होते, आमच्याशी हिंदीत, मुलाशी पंजाबीत आणि फोनवर इंग्रजीत. त्यांचे चुलत आजोबा इथे शिडीवरच होते म्हणे, तेव्हा मालक गोरा होता. दर नोव्हेंबरला इथे नगरकीर्तन निघतं, लाखभर माणूस जमतं.

संध्याकाळी त्यांनी एका ओळखीच्या म्हाताऱ्या बाईंकडे नेलं. वय ऐंशीच्या घरात, केस पांढरेशुभ्र, गळ्यात क्रूस, आडनाव सिंग. वडील जालंधरकडचे, आई मेक्सिकोची. मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धामधुमीतून पळून आलेली कुटुंबं आणि बायको आणायची सोय नसलेले पंजाबी, दोघं कापसाच्या शेतात शेजारी शेजारी राबत होते. अशी जवळपास चारशे लग्नं झाली, बहुतेक दक्षिणेकडच्या इम्पीरियल खोऱ्यात, काही इकडे. गोऱ्याचं लग्न दुसऱ्या वंशाशी लावायला १९४८ पर्यंत राज्यात बंदी होती. पण कारकुनाला दोघं सारखीच दिसली की दोघांपुढे ‘ब्राउन’ लिहून तो मोकळा.

बाईंनी तव्यावर मक्याचा तोर्तिया टाकला आणि त्याच तव्यावर मग गव्हाची रोटी. हिने लगेच उठून दुसरी रोटी लाटायला घेतली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. जावई मध्ये दुभाषे. बाई स्वतःला आणि भावंडांना ‘हिंदू’ म्हणत होत्या, आणि दर रविवारी चर्चला जात होत्या. त्यांना त्यात काहीच अडचण वाटत नव्हती.

“अडचण पुढे झाली,” त्या म्हणाल्या. १९४६ नंतर आणि मग १९६५ नंतर पंजाबातून नवी कुटुंबं आली. त्यांनी या अर्धमेक्सिकन पोरांकडे बघून विचारायला सुरुवात केली, ही कुठली शीख? गोऱ्यांनी हिंदू म्हणून दूर ठेवलं होतं, आता हिंदूंनी मेक्सिकन म्हणून ठेवलं. वडिलांचं नाव कुठल्याशा साहेबाने कागदावर चुकीचं लिहिलं, तेच पुढे घराण्याचं झालं. मी विचारलं, खरं नाव काय होतं? त्यांनी दोनदा उच्चारून बघितलं, मग हसल्या. “मला नीट म्हणता येत नाही. पपांना यायचं.”

जनगणनेच्या फॉर्मवर काय लिहिता, असंही मी विचारलं. खोड जात नाही.

“ज्या वर्षी जो मुलगा भरतो, त्याला जे वाटतं ते.”

निघताना मालकांनी डिकीत पीचच्या दोन पेट्या ठेवल्या. नको नको म्हणेपर्यंत झाकण बंद. रात्री साडेअकराला फ्रीमाँटला पोहोचलो. नात झोपली होती. मुलीने सांगितलं, शाळेचा फॉर्म दुपारी पाठवून टाकला. भाषेच्या रकान्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पीच मऊ पडायला लागले होते, सकाळपर्यंत टिकले नसते. मग मी आणि ही ओट्याशी उभे राहून निवडत बसलो, चांगले एकीकडे, डागाळलेले दुसरीकडे. डागाळलेल्यांचा ही मुरंबा करणार होती.